दोन मिनिटं आणि आजीचं नाव

जपानहून परत आल्यावर वस्तीतल्या मुलींनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, बुलेट ट्रेनमध्ये बसलात का?" बसले. पण सांगण्यासारखी गोष्ट ट्रेनची नाही, दोन मिनिटांच्या एका भाषणाची आहे. ते भाषण मी इतकी वर्षं पुण्यात का केलं नाही आणि ओसाकात का केलं, हा प्रश्न तेव्हापासून मला छळतो आहे. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. चार वर्षांपासून मी पुण्यात टोस्टमास्टर्सच्या एका क्लबात जाते. नोकरीसाठी इंग्रजी सुधारायचं होतं, एवढाच हेतू. ही चळवळ अमेरिकेतली. 22 ऑक्टोबर 1924 रोजी राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात, वायएमसीएच्या इमारतीत तिची पहिली बैठक घेतली. आता जगभर क्लब आहेत. पद्धत साधी आहे. कुणीतरी तयारी करून पाच ते सात मिनिटं बोलतो. दुसरा दोन-तीन मिनिटांत त्याचं मूल्यमापन करतो. एक जण घड्याळ धरून बसतो आणि हिरवा, पिवळा, लाल असा इशारा देतो. एक जण बोलणाऱ्याचे "अं... अं..." मोजतो. शिवाय ऐनवेळी विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायला लावतात. या शेवटच्या प्रकाराची भल्याभल्यांना धास्ती असते.

योगायोग बघा. त्याच 1924 सालच्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिकडे एक माणूस तरुणांना सभेत उभं राहून बोलायला शिकवत होता. इकडे एक माणूस ज्यांना सभेच्या कडेलाही उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांना बोलतं करत होता. दोन्हींत भाषणाला महत्त्व आहे, पण किंमत वेगळी आहे. तिकडे चुकलं तर हसू होतं. इकडे बोललं तर मार पडायचा. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या आपल्या माणसांना कसं झोडपलं, हे आपल्याला ठाऊक आहे.

पुण्याच्या क्लबात मी बरीच भाषणं केली. वेळेचं नियोजन, अपयशातून शिकणं, आईच्या हातची भाकरी, पहिली नोकरी. टाळ्या मिळाल्या, दोन-चार वेळा रिबनही मिळाली. जातीवर मात्र एकदाही बोलले नाही. कुणी मनाई केली नव्हती. मीच माझ्यावर मनाई घातली होती. छातीवरच्या नावाच्या पट्टीवर मी आडनावाऐवजी वडिलांचं नाव लिहायचे. समाजशास्त्रात एम. ए. केलेल्या बाईला याला काय म्हणतात ते माहीत असतं. अर्विंग गॉफमनचं 'स्टिग्मा' हे 1963 सालचं पुस्तक आम्हाला अभ्यासाला होतं. कलंक अंगावर दिसत नसेल तर माणूस तो लपवून इतरांसारखा वावरतो, आणि लपवण्याची ही मेहनत त्याला आतून थकवते, हे मी परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहिलं होतं. पण स्वतःच्या छातीवरची पट्टी वाचायला मला ओसाका गाठावं लागलं.

मी गेले होते वृद्धांच्या देखभालीचं काम बघायला, दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर. त्याच आठवड्याच्या शेवटी तिथे क्लबांची वार्षिक परिषद होती. परदेशी सदस्याला पाहुणा म्हणून येता येतं हे कळलं, म्हणून नाव नोंदवलं. जपानमध्ये स्पर्धा दोन भाषांत होतात, इंग्रजीत आणि जपानीत. जपानी स्पर्धेतला एक शब्दही मला कळत नव्हता, तरी मी शेवटपर्यंत बसले. शब्द कळले नाहीत की माणसाचे हात आणि श्वास जास्त दिसतात.

इंग्रजी स्पर्धेत एक मध्यमवयीन गृहस्थ मध्येच अडकले. वाक्य आठवेना. पाच सेकंद, दहा सेकंद, त्याहून जास्त. सभागृहात कुणी खोकलं नाही, कुणी मोबाइल काढला नाही, "टाळ्या वाजवा" असं कुणी ओरडलं नाही. सगळे नुसते थांबले. गृहस्थांनी डोळे मिटले, वाक्य सापडलं, ते पुढे गेले. मला आपल्या 14 एप्रिलच्या सभा आठवल्या. एखादी कॉलेजची मुलगी पहिल्यांदा माइकसमोर येते, थोडी अडखळते आणि मागून आवाज येतो, "बस खाली." ती मुलगी पुन्हा कधीच माइकसमोर येत नाही. तिला बसवणारे आपलेच असतात, मनुवादी नसतात.

दुपारी जेवणाचे डबे वाटले. मी माशाचा घेतला. माझ्या टेबलावर एक मराठी जोडपं होतं, दोघंही आयटीत, तिथेच स्थायिक झालेलं. मराठी ऐकून मला बरं वाटलं. बाईंनी माझ्या डब्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही नॉनव्हेज खाता?" खाते म्हटलं. मग, "मूळ गाव कोणतं?" अकोला जिल्हा. मग माझ्या पट्टीकडे बघत, "हे आडनाव आहे का?" नाही, वडिलांचं नाव. "मग आडनाव?" आपल्याला हा क्रम पाठ आहे. डबा, गाव, आडनाव. हजारो किलोमीटर विमानाने आले तरी चौकशी त्याच क्रमाने आली. मी म्हणाले, "जरा पाणी घेऊन येते," आणि उठले. आडनाव सांगितलं नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

संध्याकाळी स्नेहमेळावा होता. सुरुवातीला ताइको वाजले, ते मोठे जपानी ढोल. छातीत धडधड व्हावी असा आवाज. चामडं इतकं ताणलेलं की टिपरू पडताच हवा थरथरते. मग परदेशी पाहुण्यांना एकेक चिठ्ठी उचलायला सांगितली. चिठ्ठीतल्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं. माझ्या चिठ्ठीवर होतं, "तुमच्या नावामागची गोष्ट सांगा."

दुपारचं जोडपं तिसऱ्या टेबलावर बसलं होतं. सोपं उत्तर माझ्याकडे तयार होतं. माझं नाव बुद्धाला खीर देणाऱ्या मुलीचं आहे. बौद्ध देशात एवढं सांगितलं असतं तरी भरपूर टाळ्या मिळाल्या असत्या. मी तिथूनच सुरुवात केली. पण पुढचं वाक्य वेगळंच आलं. मी म्हणाले, "माझ्या आजीचं नाव कचरा होतं."

मग थांबता आलं नाही. मी सांगितलं की आमच्याकडे एका जुन्या धर्मग्रंथात नाव कसं ठेवावं याचा नियम आहे. ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं निंदेचं. आम्ही तर त्या चार पायऱ्यांच्याही बाहेरचे. डॉ. आंबेडकर नावाच्या माणसाने 25 डिसेंबर 1927 रोजी तो ग्रंथ जाहीरपणे जाळला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या गर्दीत माझी आजी होती, पोटात माझा मोठा काका होता. रेशनकार्डावर ती शेवटपर्यंत कचराच राहिली. पण नातीचं नाव तिने स्वतः निवडलं. लाल कार्ड वर गेलं. मी म्हणाले, "म्हणून माझं नाव हे आजीने तिच्या नावाला दिलेलं उत्तर आहे," आणि खाली बसले.

इथे एक आक्षेप येईल. दगडू, धोंडू, कचरू ही नावं इतर जातींतही होती. मुलं जगत नसली की नजर लागू नये म्हणून अशी नावं ठेवत. खरं आहे. पण पाटलाचा दगडू मोठेपणी दगडूजीराव व्हायचा. महाराचा दगडू म्हातारा होऊन मेला तरी दगड्याच. नाव एकच असेल, पण हाक मारणारा आवाज कुणाचा आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

टाळ्या झाल्या, बेताच्या. कार्यक्रम पुढे सरकला. कॉफी घेताना दुपारचे मराठी गृहस्थ जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, चांगलं बोललात. पण इथे कशाला हे? आपल्या देशाची काय इमेज राहते?" मी गप्प राहिले. उत्तर सुचलं, पण दुसऱ्या दिवशी. ते पुढे सांगते.

थोड्या वेळाने एक वयस्कर जपानी बाई आल्या. वय सत्तरीच्या पुढे असावं. वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुमच्या भाषणाबद्दल एक सूचना करू का?" करा म्हटलं. त्या म्हणाल्या, "आजीचं नाव सांगताना तुम्ही खाली बघितलंत. बाकी सगळं भाषण आमच्याकडे बघून केलंत." मला काही सुचेना. त्यांनी माझ्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे दोन ओळी लिहिल्या. क्योतो, ओकाझाकी, संग्रहालयाच्या जोडइमारतीजवळचा दगड. "वेळ असला तर बघा. आमच्या देशातही अशी गोष्ट आहे. इथे आम्ही ती फारशी बोलत नाही." त्या स्वतः कोण, त्यांचा त्या गोष्टीशी संबंध काय, हे मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी परिषदेचं सकाळचं सत्र सोडून मी क्योतोची गाडी पकडली. ओसाकाहून अर्धा तास. हेइआन मंदिराची ती प्रचंड लाल कमान जवळच दिसते. पर्यटक तिचे फोटो काढत होते. दगडाजवळ कुणी नव्हतं. फोनवर भाषांतर लावून वाचलं. राष्ट्रीय सुइहेइशा या संघटनेची स्थापना इथे झाली. 3 मार्च 1922.

सुइहेइशा म्हणजे समपातळीची संघटना. जपानमध्ये कातडी कमावणं, जनावरं कापणं, मेलेली गुरं ओढणं ही कामं करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या अपवित्र ठरवून वेगळ्या वस्त्यांत ठेवलं गेलं. आज त्यांना बुराकुमिन म्हणतात. सरकारने 1871 साली फर्मान काढून ही दर्जाबंदी कागदावर रद्द केली. पण 1872 सालच्या कुटुंबनोंदवह्यांत जुना दर्जा शोधता येत होता आणि त्या वह्या लोकांना बघायला बंद झाल्या थेट 1968 साली. 1975 मध्ये उघडकीला आलं की बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून कंपन्यांना विकली जात होती, उमेदवार कुठला आहे हे तपासायला. आपल्याकडे आडनाव, त्यांच्याकडे पत्ता. रंग एक, रूप एक, भाषा एक, तरीही भेद. जात ही वंशाची गोष्ट नाही हे बाबासाहेब सांगत आले, त्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मग मला आदल्या संध्याकाळचा ढोल आठवला. ओसाकाचा नानिवा भाग ताइको बनवणाऱ्या बुराकु कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. ढोल मंचावर हवा, कातडं ताणणारा शेजारी नको. आपल्याकडे हलगीचं काय वेगळं आहे? लग्नाच्या वरातीत हलगी पुढे, हलगीवाल्याची पंगत मागे.

1922 च्या त्या सभेत कोण बोललं, हे वाचून मी खूप वेळ तिथेच उभी राहिले. साइको मानकिची यांनी तयार केलेला जाहीरनामा वाचला गेला. त्यानंतर स्त्रियांच्या वतीने ओकाबे योशिको बोलल्या आणि मुलांच्या वतीने यामादा कोनोजिरो हा किशोरवयीन मुलगा. शाळेत शिक्षक आपल्याला कसं वागवतात हे त्याने भर सभेत सांगितलं. 1922 साली! तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते. वीस वर्षांनी, जुलै 1942 मध्ये, नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. एकमेकींना न ओळखणाऱ्या या बायांनी एकच गोष्ट केली. त्या उभ्या राहिल्या आणि आपलं दुःख आपल्या तोंडाने सांगितलं. त्यांच्याजवळ ना टाइमर होता, ना रिबन.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर. देशाची इमेज.

1979 साली अमेरिकेत प्रिन्स्टन इथे धर्म आणि शांततेवर जागतिक परिषद भरली होती. जपानच्या सोतो झेन पंथाचे एक वरिष्ठ पदाधिकारी, म्हणजे एक बौद्ध धर्मगुरू, तिथे म्हणाले की जपानमध्ये असा भेदभाव नाही. कारण तेच, देशाची इमेज. पण बुराकु संघटनांनी जाब विचारला आणि चौकशी सुरू झाली. त्यातून काय ठळकपणे पुढे आलं? मृत्यूनंतर बौद्ध मंदिर जे नाव देतं, त्या नावांत बुराकु मृतांसाठी 'पशू', 'चामडं', 'नोकर' अशा अर्थांची अक्षरं घातली गेली होती. थडग्यांवर कोरली होती. म्हणजे माझ्या आजीचं नाव तिथे दगडावर कोरलेलं होतं, तेही बुद्धाच्या मंदिरात. पंथाला चूक कबूल करावी लागली, आणि त्या धर्मगुरूंनी 1984 साली आपलं विधान मागे घेतलं.

मित्रांनो, हे आपल्यासाठी अवघड आहे. जपान म्हटलं की आपल्याला कोयासान विद्यापीठातला बाबासाहेबांचा पुतळा आठवतो, नागपूरला आयुष्य देणारे भंते सुरई ससाई आठवतात. ती कृतज्ञता खरी आहे आणि राहील. पण नुसतं 'बौद्ध' म्हटल्याने समता येत नाही, हेही त्या थडग्यांनी दाखवलं. म्हणूनच बाबासाहेबांनी धम्म जसाच्या तसा उचलला नाही. त्यांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. विहारात अगरबत्ती लावून घरी पोटजात बघणाऱ्या आपल्यातल्या लोकांनी हे जरा शांतपणे वाचावं.

आणि इमेजचं म्हणाल तर लपवल्याने इमेज राहत नाही. 2001 साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा विषय नको असं भारत सरकारचं म्हणणं होतं. आपले कार्यकर्ते तरी गेले आणि बोलले. 2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारित भेदभावाबद्दल स्वतंत्र शिफारस काढली, तिच्यात जातीचा स्पष्ट उल्लेख आहे. जपानमध्येही 2016 साली बुराकु भेदभाव संपवण्यासाठी कायदा झाला. भेद अजून पुरता संपलेला नाही. पण भेद आहे असं आधी कुणीतरी मोठ्याने म्हणावं लागतं, मगच कायदा होतो.

मग आता आपण काय करायचं? दोन टोकांचं बोलणं मी ऐकते. एक म्हणतात, हे इंग्रजी क्लब म्हणजे उच्चवर्णीयांची चैन, आपल्याला काय करायचं? दुसरे म्हणतात, तिथे जा, इंग्रजी शिका, चळवळ-बिळवळ सोडा. मला दोन्ही पटत नाहीत. क्लब कसं बोलायचं ते शिकवतो, काय बोलायचं ते शिकवत नाही. काय बोलायचं ते आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. पण कसं बोलायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कसं ऐकायचं, यात आपण कच्चे पडलो आहोत. आपल्या जयंतीच्या सभेत सत्काराला एक तास जातो, प्रमुख पाहुणे दीड तास बोलतात, आणि जिच्या पोरीला शिष्यवृत्ती नाकारली गेली ती बाई शेवटच्या रांगेत बसून घरी जाते. बाबासाहेब वेळेबद्दल किती काटेकोर होते आणि आपण त्यांच्या जयंतीला दोन तास उशिरा सुरुवात करतो!

बाबासाहेबांचं एक मोठं भाषण तर कधी झालंच नाही. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आधी बोलावलं, मग मजकूर वाचून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी स्वतःच्या पैशाने ते छापलं. 'जातिनिर्मूलन' ते हेच. मंच मिळाला नाही म्हणून त्यांनी एक शब्दही बदलला नाही. मला मंच चार वर्षं मिळत होता, आणि मी शब्द बदलत होते. ही माझी लाज आहे, आणि ती मी इथे लिहून ठेवते.

परत आल्यावर आम्ही वस्तीतल्या विहारात रविवारी वंदनेनंतर दीड तासाचा बोलण्याचा वर्ग सुरू केला. नियम थोडेच आहेत. दर वेळी सात जण बोलतात, त्यांत किमान चार मुली किंवा बाया. प्रत्येकाला पाच मिनिटं. एक मुलगा हिरवं, पिवळं, लाल पुठ्ठं दाखवतो आणि लाल झालं की अध्यक्षांनाही बसावं लागतं. कुणी अडखळलं तर सगळ्यांनी थांबायचं. बोलून झालं की एक जण एक चांगली गोष्ट आणि एक सुधारणा सांगतो, दुखावेल असं काही नाही. भाषा मराठी, वऱ्हाडी, हिंदी, ज्याला जी येते ती. पैसे लागत नाहीत. लागतं फक्त एक घड्याळ आणि थोडी शिस्त. तुमच्या विहारात हे करून बघा. अडचण आली तर कळवा, मी येईन.

पहिल्या रविवारी एक नववीतली मुलगी उभी राहिली. पाच मिनिटांत एकोणीस वेळा "अं" म्हणाली. पण ती तिच्या शाळेतल्या पाण्याच्या माठाबद्दल बोलली. तिच्या आईलासुद्धा ती गोष्ट माहीत नव्हती. आई तिथेच बसली होती.

पुढच्या महिन्यात पुण्याच्या क्लबात माझी पाळी आहे. नावाच्या पट्टीवर या वेळी आडनाव लिहिणार आहे. विषयाच्या रकान्यात मी लिहून दिलं आहे, "आजीचं नाव". या वेळी खाली बघायचं नाही, एवढीच तयारी करते आहे.

जय भीम!